मेणातला तुकडा

मला ती नोकरी सिगारेटच्या कागदामुळे मिळाली. निर्वासितांच्या वसाहतीत, कॅम्प पाचमध्ये, लष्कराने सोडलेल्या एका लांबलचक बराकीत, एका धर्मादाय मंडळाने दवाखाना काढला होता. त्याच्या अगदी टोकाच्या खोलीत एक म्हातारे सिंधी डॉक्टर शरीराचे तुकडे तपासत बसायचे. फाळणीनंतर इकडे येताना त्यांनी एक मायक्रोस्कोप तेवढा गोधडीत गुंडाळून आणला होता. त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. मी मॅट्रिक झालेली, घर मोरिवलीला, वडील तिथल्याच एका कारखान्यात. मी गेले तेव्हा त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. एका पसरट थाळीत कोमट पाणी घेतलं, त्यावर सिगारेटचा पातळ कागद सोडला आणि माझ्या हातात बारीक कुंचला दिला.

"काचेवर उचलून घे," ते म्हणाले. "फाटायला नको, सुरकुती पडायला नको."

मी श्वास रोखून कागद काचेवर घेतला. त्यांनी काच उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "कल से आ जाना, बेटी."

काम समजायला मला सहा महिने लागले आणि हातात बसायला दोन वर्षं. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, म्हणजे तो कुजत नाही. मग चढत्या ताकदीच्या स्पिरिटमधून फिरवून त्यातलं पाणी काढायचं, झायलॉलमध्ये पारदर्शक करायचा आणि शेवटी पातळ केलेल्या मेणात बसवून मेण थिजू द्यायचं. त्या मेणाच्या वडीचे यंत्रावर इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तरी उडून जातील. काप कोमट पाण्यावर सोडून काचेवर घ्यायचे. काचेला आधी अंड्याचा पांढरा बलक पुसलेला असायचा, तो काप धरून ठेवायचा. माझ्या आईला हे कळल्यापासून तिने मला स्वयंपाकघरात शिरण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायला लावायला सुरुवात केली.

आणि मग रंग. एक निळा-जांभळा, एका झाडाच्या लाकडापासून काढलेला. तो विकत आणला की लगेच चालत नाही. बाटलीला कापसाचा बोळा लावून ती खिडकीत उन्हात ठेवायची, महिना-दीड महिन्याने तो पिकतो. दुसरा गुलाबी. निळा रंग पेशीच्या गाभ्याला धरतो, गुलाबी बाकी सगळ्याला. रंग जास्त झाला तर सगळं काळपट, कमी झाला तर धुकं. डॉक्टरसाहेब म्हणायचे, जल्दी नहीं करने का. रोज म्हणायचे, त्यामुळे मला ते ऐकू येईनासं झालं होतं.

ती बाई आली तो वैशाख होता. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या अंगाला डोंगरात एक पाडा आहे, तिथून ती चालत आली होती. माझ्याच वयाची, बावीस-तेवीसची. कडेवर दीड वर्षाचा मुलगा. मी व्हरांड्यातून पाणी आणायला चालले होते आणि त्याला पाहून थांबले. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट मडक्याएवढं. त्या ताणलेल्या कातडीखालून आतड्याची वेटोळी सरकताना डोळ्यांनी दिसत होती. बेंबीच्या दोन्ही बाजूंना जुने, वाळलेले डाग होते. पाड्यावर कुणीतरी उपाय म्हणून तापलेला विळा टेकवला होता.

"जल्मल्यापासनं ह्याला साफ व्हतच न्हाय," ती मला म्हणाली. मी नर्स आहे असं तिला वाटलं. "साबनाची कांडी घातली का जराशी व्हते. न्हायतर आठ-आठ दीस न्हाय. ह्याच्या आदी एक व्हता माजा. त्याचंबी असंच पोट. त्यो बारशालाबी टिकला न्हाय."

दवाखान्यात तेव्हा एक तरुण सर्जन होते. मोठ्या इस्पितळात शिकून नुकतेच आलेले, सतत काहीतरी वाचत असायचे. त्यांनी मुलाला तपासलं आणि त्याच दुपारी आमच्या खोलीत आले. डॉक्टरसाहेबांशी ते उभ्यानेच बोलले आणि मी पुसायला घेतलेली काच तशीच हातात धरून ऐकत राहिले.

आतडं पुढे ढकलायचं काम आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी करतात, असं ते सांगत होते. काही मुलांच्या आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात त्या पेशी जन्मापासून नसतातच. तो भाग आवळलेला राहतो, मागे सगळं साचत जातं. पूर्वी डॉक्टर त्या फुगलेल्या भागालाच रोगी समजून कापायचे आणि मुलं मरायची. आता परदेशात कळलंय की रोग खालच्या, साध्या दिसणाऱ्या भागात आहे. तो काढून वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडता येतं. मुंबईत एक-दोघं ते करू लागले होते.

"पण आधी खात्री हवी," सर्जन म्हणाले. "गुदाशयाच्या भिंतीचा छोटा तुकडा काढून देतो. त्यात स्नायूच्या दोन थरांमध्ये मज्जापेशी आहेत की नाहीत, एवढंच मला सांगा. नसतील तर मी लगेच पोटावर तोंड काढून मळाला वाट करून देतो. मग मुलाने जरा अंग धरलं की मुंबईला मोठ्या ऑपरेशनला पाठवू."

"आहे ते दाखवणं सोपं आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. "नाही हे सांगायचं म्हणजे सगळा तुकडा कापून बघावा लागेल."

ते मला त्यांनी समजावून सांगितलं. एका कापात पेशी दिसली नाही म्हणून ती नाहीच, असं म्हणता येत नाही. ती पुढच्या कापात असू शकते. तुकडा मेणात कडेवर उभा बसवायला हवा, म्हणजे पावाच्या कापासारखे सगळे थर एकाच कापात येतात. आडवा बसला तर यंत्र एकच थर खरवडत बसतं आणि पाहायचं ते राहून जातं. त्यांच्याकडे जुन्या पेटीत एका निरोगी अर्भकाच्या आतड्याची स्लाइड होती. ती त्यांनी मला मायक्रोस्कोपखाली दाखवली. गुलाबी स्नायूंच्या दोन पट्ट्या आणि मधल्या फटीत चार-पाच मोठ्या, टपोऱ्या पेशी. प्रत्येकीत गोल गाभा आणि गाभ्यात एक ठिपका, एखाद्या माणसाने तुमच्याकडे पाहावं तसा. मी ती स्लाइड इतक्यांदा पाहिली की डोळे मिटले तरी दिसायची.

भूल द्यायला कल्याणहून एक डॉक्टर यायचे, फक्त गुरुवारी. पहिल्या गुरुवारी तुकडा काढला. मी सगळं नीट केलं, पण तुकडाच उथळ होता. वरचं अस्तर आलं होतं, स्नायू आलाच नव्हता. सर्जनांचा हात घाबरला होता, ते त्यांनी स्वतः कबूल केलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा काढायचं ठरलं.

तेवढ्या दिवसांत ती बाई माझ्या ओळखीची झाली. व्हरांड्याच्या कडेला तीन दगड मांडून ती तांदळाची पेज शिजवायची. नवरा डोंगरात कोळशाच्या भट्टीवर होता, त्याला यायला जमत नव्हतं. मुलाचं आतडं रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्याने आतून धुऊन काढायचे आणि त्यानंतरचे दोन-तीन तास तो इतर मुलांसारखा मूल व्हायचा. माझ्या पदराची किनार धरून ओढायचा. एकदा मी माझ्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, तर त्याने एकेक किल्ली तोंडात घालून पाहिली आणि दरवेळी तोंड वाकडं केलं. त्याची आई हसली. ती हसलेली मी तेवढ्यापुरतीच पाहिली.

दुसऱ्या गुरुवारी तुकडा खोल घेतला. सर्जन बाटली घेऊन स्वतः आले. त्यांच्या मागोमाग ती बाई दारापर्यंत आली. बाटलीत तळाशी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पडलं होतं, कडा आत वळलेलं.

"माज्या पोराचं मास हाय ते?" तिने विचारलं.

"हो."

"आन् त्याला तितं दुकत न्हाय ना?"

"नाही गं," मी म्हणाले. "ते आता वेगळं झालं."

ती बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिली आणि मग निघून गेली.

बुधवारपर्यंत निकाल द्यायचा होता. बुधवारी निकाल, तर गुरुवारी भूल, आणि त्याच दिवशी पोटावर वाट. म्हणून मी एकेक दिवस मोजून टप्पे बसवले होते. शुक्रवार-शनिवार फॉर्मॅलिन, शनिवार संध्याकाळपासून स्पिरिट, सोमवारी झायलॉल आणि मेण. रविवारीही मी मोरिवलीहून चालत आले, फक्त एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत तुकडा हलवायला. सोमवारी डॉक्टरसाहेब नव्हते. कॅम्प एकला त्यांची बहीण वारली होती. जाताना ते सांगून गेले होते, "मेणात बसवायच्या आधी मला दाखव. मी उद्या सकाळी येतो."

उद्या सकाळी म्हणजे मंगळवार. मंगळवारी मेण भरायचं, ते थिजायचं, मग काप, मग रंग. बराकीचा पत्रा असा तापलेला होता की मेण धड थिजत नव्हतं. सोडावॉटरवाल्याकडून मी बर्फ आणून ठेवला होता आणि तोही वितळत चालला होता. मला वाटलं, उद्यापर्यंत थांबले तर बुधवार हुकेल. मला वाटलं, मला येतं.

तुकडा वळलेला होता. त्याची कड कुठली आणि पाठ कुठली हे भिंगातूनही नीट कळत नव्हतं. मी तापलेल्या चिमट्याने तो मेणात उभा धरला. मेण कडेने धरू लागलं आणि त्याच क्षणी तो कलंडला असावा. मला दिसलं की नाही? आज इतक्या वर्षांनी मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काहीतरी हललं हे कळलं होतं. पुन्हा वितळवून पुन्हा बसवायला तास गेला असता. मी वडी बर्फावर ठेवली.

मंगळवारी डॉक्टरसाहेब आले तेव्हा वडी थिजून तयार होती; काप काढले, रंगवले. रंग सुरेख आला होता, इतका स्वच्छ निळा आणि गुलाबी माझ्या हातून क्वचितच आला असेल. बुधवारी सकाळी डॉक्टरसाहेबांनी एकेक स्लाइड पाहिली. पहिली, दुसरी, दहावी. त्यांची मान वर येईना. अखेर ते खुर्चीत मागे टेकले.

"आडवा बसलाय," ते म्हणाले.

मी वडी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

"नुसतं अस्तर कापलं गेलंय. खालचा स्नायू वडीत शिल्लक आहे, थोडाच. वितळव. परत बसव. मी शेजारी बसतो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला रडता आलं असतं. वडी वितळवली, उरलेला कण त्यांच्या देखत उभा बसवला. गुरुवारी सकाळी काप घेतले. कल्याणचे डॉक्टर दुपारी दोनच्या सुमारास काम आटोपून निघून गेले, तेव्हा काचा अजून गुलाबी रंगात होत्या.

चार वाजता डॉक्टरसाहेबांनी मला मायक्रोस्कोपवर बसवलं. "तू बघ आधी."

स्नायूंच्या दोन पट्ट्या होत्या. मधली फट होती. फटीत मज्जातंतूंचे जाड, नागमोडी जुडगे होते, आणि त्या टपोऱ्या पेशी नव्हत्या. मी काच सरकवत गेले. दुसरी लावली, तिसरी लावली. मी मनात म्हणत होते, एक तरी दिसू दे. मग लक्षात आलं की दिसली तर निदानच चुकलं, आणि मग त्या मुलासाठी करण्यासारखं काही राहणार नाही. काय मागावं तेच कळेना. शेहेचाळीस काप होते. एकातही नव्हती.

सर्जनांना निकाल कळवला. "पुढचा गुरुवार," ते म्हणाले. उशीर का झाला ते त्यांनी विचारलं नाही. तुकडा लहान होता म्हणून वेळ लागला असेल, असा त्यांचा समज झाला आणि आम्ही दोघांनी तो तसाच राहू दिला.

सोमवारी मुलाला ताप चढला. पोट दगडासारखं झालं आणि ज्याला कधी साफ होत नव्हतं त्याला पाण्यासारखे, घाणेरड्या वासाचे जुलाब सुरू झाले. त्याच्या आईला वाटलं, आता मोकळं होतंय. ती मला सांगायला धावत आली. "नर्सबाय, सुटलं वो त्याचं, आपसूक सुटलं!" मी तिच्यासोबत गेले. सर्जनांनी पोटाला हात लावला, बाहेर येऊन आतडं आतून नासू लागलंय म्हणाले आणि कल्याणला माणूस पाठवला. भुलीचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते. ते मंगळवारी दुपारी पोचले. मुलगा सकाळी दहाला गेला होता.

मी तेव्हा तिथे होते. कामाची वेळ होती, काम सोडून गेले. सर्जन सुईला शीर शोधत होते, सापडत नव्हती. मुलाने डोळे उघडेच ठेवले होते. त्याची आई त्याच्या तळपायांना आपल्या तळहाताने घासत होती, आणि सर्जनांनी हात थांबवल्यावरही ती घासत राहिली.

नवरा संध्याकाळी आला. कोळशाने काळा झालेला, काही न बोलणारा माणूस. त्याने मुलाला पंच्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं. निघायच्या आधी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली. डॉक्टरसाहेब होते, मी होते.

"तुमी बगितलं ना आत?" तिने मला विचारलं. "काय व्हतं त्याच्या आत?"

मला साधं काहीतरी सांगायचं होतं, तिला कळेल असं. माझ्या तोंडून निघालं, "काही नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय न्हवतं, तर मंग मेला कशानं?"

डॉक्टरसाहेब पुढे झाले आणि त्यांच्या मोडक्या मराठीत तिला समजावू लागले. आतड्यात एक गोष्ट असावी लागते, ती देवाने द्यायची राहून गेली. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. नवऱ्याने व्हरांड्यातून हाक मारली तशी ती वळली.

ते गेल्यावर मी डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "माझ्यामुळे एक गुरुवार गेला."

"हो," ते म्हणाले.

मग मायक्रोस्कोपवर कापड घालत म्हणाले, "इतकं कुपोषित मूल. गुरुवारी भूल दिली असती तर टेबलावरही गेलं असतं. मला माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही." त्यांनी मला धीर दिला की शिक्षा दिली, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. बहुधा त्यांनी खरं तेवढं सांगितलं.

सर्जनांना एक गोष्ट खात होती. आधीचंही मूल तसंच गेलं होतं, म्हणजे पुढचं मूलही तसं असू शकतं. दिवाळीनंतर त्यांनी मला निरोप घेऊन पाड्यावर पाठवलं. मी आनंदाने निघाले नव्हते. बदलापूरहून पुढे अर्धा दिवस चालावं लागलं. ती खळ्यावर भात झोडत होती. मला पाहून तिने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि पुन्हा कामाला लागली. मी तिच्याजवळ बसून निरोप सांगितला. पुढचं मूल झालं आणि पहिल्या दिवसरात्रीत त्याला काळी शी झाली नाही, तर थांबायचं नाही, साबणाची कांडी घालायची नाही, डाग द्यायचा नाही. उचलून सरळ दवाखान्यात आणायचं.

"आनू," ती म्हणाली. भाताची पेंढी आपटून झाल्यावर तिने विचारलं, "आन् मंग तुमी काय करनार?"

"तुकडा काढून बघणार. मग पोटावर वाट काढणार, मग ऑपरेशन."

"गेल्या बारीला काडला व्हता की तुकडा."

त्या दिवशी मी तिला सांगणार होते. चालताना सगळ्या वाटेने मी वाक्यं जुळवली होती. माझ्या हातून चूक झाली, आठ दिवस वाया गेले, तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण ती मान खाली घालून भात झोडत होती, शेजारी तिची सासू बसली होती, आणि मला वाटलं, हे सांगून मी माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणार. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण भीती होती. पाणी पिऊन मी परत निघाले.

दोन वर्षांत डॉक्टरसाहेबांना मोतीबिंदूने दिसेनासं झालं आणि ते मुलाकडे राहायला गेले. सर्जन आणखी मोठ्या ठिकाणी गेले. नवे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन मी रंगवलेल्या काचा बघून जात. मधल्या काळात मी तशा चार मुलांचे तुकडे बसवले, प्रत्येक वेळी कुणाला तरी शेजारी उभं करून. दोन मुलांना मुंबईला नेलं. एकाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. दुसऱ्याचं कळलं, आणि ते चांगलं नव्हतं.

त्या पाड्यावरची एक बाई बदलापूरच्या बाजारात पत्रावळी विकायला बसायची. एकदा आईबरोबर तिथे गेले असताना तिने मला ओळखलं, खळ्यावर पाहिलं होतं म्हणाली. मी तिला त्या बाईबद्दल विचारलं.

"तिला पोरगा झालेला वो, पावसात. चवथ्या दिशी गेला. पोट फुगलं व्हतं."

"मग आणला का नाही दवाखान्यात? मी सांगून आले होते ना!" माझा आवाज इतका चढला की आईने माझा दंड धरला.

पत्रावळीवाली जराशी ओशाळली. हातातली पानं सारखी करत म्हणाली, "तिला समदी म्हनली, ने म्हनून. तीच न्हाय म्हनली. म्हनली, तितं निसतं बगत्यात."

आईने पत्रावळी घेतल्या. आम्ही तळ्याच्या बाजूने चालत निघालो. आई मला विचारत होती, कोण बाई, कसला दवाखाना, एवढं काय झालं. मी तिला त्या दिवशीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. खिडकीतल्या बाटलीतला रंग पिकून तयार झाला होता, तो गाळून घेतला आणि दिवसभर काचा रंगवल्या.